तिसरी फेरी

“लाल काढ, निळा बांध,” सुभेदार म्हणाला आणि त्याने रुमाल वर फेकला.

रणगाड्याच्या झाकणातून कमरेपर्यंत वर आलेल्या हवालदाराने गळ्यातला रुमाल उभ्या उभ्याच बदलला. नगरभवनाच्या मागच्या गल्लीत एकच धांदल उडाली होती. शिपाई नंबराच्या पाट्या बदलत होते, रणगाड्यांवरच्या वाघांवर गरुड चिकटवत होते. देशाकडे चालते रणगाडे होते आठ. बाकीचे सुट्या भागांवाचून शेडमध्ये धूळ खात पडले होते. आणि वार्षिक संचलन बघायला मंचावर शेजारच्या देशाचे पाहुणे बसले होते, मोजत. म्हणून आठांनी मंचासमोरून जायचं, नगरभवनाला वळसा घालायचा, अंगावरचे रंग बदलायचे आणि पुन्हा यायचं. तीन फेऱ्या. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. रणगाड्यांचं आणता येतं.

चालकांचं बरं होतं, ते आत बसलेले. हवालदाराला मात्र बाहेर उभं राहून सलाम ठोकायचा होता. फेऱ्यांची भानगड त्याला आज सकाळीच कळली, आणि तोवर आई घरून निघाली होती.

पहिल्या फेरीत ती त्याला दिसली होती. मंचाच्या बाजूलाच जवानांच्या घरच्यांसाठी दोरी बांधून जागा राखली होती, तिथे अगदी पुढे, शेजारच्या काकूंना बरोबर घेऊन. तिने हात हलवला तेव्हा सलाम करताना त्याची छाती जरा जास्तच पुढे आली. आता तिने बघू नये, असं त्याला वाटत होतं. काकूंशी गप्पांत रंगली असेल, असं मनाला समजावत तो दुसऱ्या फेरीला निघाला.

नेमका मंचासमोर आला आणि बँड थांबला. त्या शांततेत आईचा आवाज खणखणीत उठला.

“अहो काकू, बघा ना, आमचा बाळ्या पुन्हा आला.”

आजूबाजूचे हसले. मंचावरच्या एका पाहुण्याने मान वळवून बाईकडे बघितलं, मग रणगाड्याकडे. हवालदार समोर बघत राहिला.

गल्लीत वळल्यावर मेजरसाहेब धावतच आले. “ती ओरडणारी बाई कोण? तुझ्या घरची आहे का?”

काही अवघड प्रश्न नव्हता. शाळेत नाव घालताना पोराला विचारतात, तितका सोपा. पण मेजरसाहेबांचा चेहरा बघून त्याला आपली नोकरी दिसली, बढती दिसली, आणि आई काही दिसली नाही.

“नाही, साहेब.”

“मग हा बाळ्या कोण?”

“माहीत नाही, साहेब. मी नाही ओळखत त्या बाईंना.”

खाली आत बसलेल्या चालकाने घसा खाकरला. त्या बाईंच्या हातचं तो कितीदा तरी पोटभर जेवला होता.

“ठीक आहे. पाठवतो कुणाला तरी तिच्याकडे,” मेजरसाहेब म्हणाले आणि स्वतःचा गॉगल काढून त्याला दिला. “हा लाव. आणि हिरवा रुमाल बांध.”

गॉगलचा एक फायदा असतो, मान न वळवता बघता येतं. तिसऱ्या फेरीत त्याला दिसलं, साध्या कपड्यांतला एक माणूस आईपाशी वाकून उभा होता. काकूंनी रणगाड्याकडे बोट दाखवायला हात उचलला आणि आईने तो धरून खाली दाबला. मग तिने वर बघितलं. सरळ त्याच्याकडे. हात हलवला नाही, हसली नाही. बाकीचे वाजवत होते म्हणून तिनेही चार टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी वाजवाव्यात तशा.

हवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सलाम त्याने चोख ठोकला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ताट वाढलेलं होतं. तो खाली मान घालून जेवायला बसला. आई समोर बसली.

“एक माणूस आला होता रे मला विचारायला. म्हणाला, बाई, तो हवालदार तर म्हणतो, तुम्हाला ओळखतच नाही.”

घास तोंडातच राहिला. “मग?”

“मग काय. म्हटलं, बरोबर आहे त्याचं. माझी नजर अधू झालीय, कुणाचंही पोर मला माझंच वाटतं. माझा पहिल्याच गाड्यांत गेला, हा कोण मला ठाऊक नाही. काकू मध्येच तोंड उघडत होत्या, त्यांनाही गप्प केलं.”

“आई, मी...”

“राहू दे. नोकरी म्हटली की करावं लागतं. तू काही मुद्दाम नाही केलंस.”

तिने चार शिव्या घातल्या असत्या, ताट ओढून घेतलं असतं, तरी त्याला चाललं असतं. पण ती रोजच्यासारखीच वाढत होती, नको म्हणायच्या आधी.

“एक मात्र कर,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी आधी सांगून ठेव. चारचौघांत पंचाईत होते रे.”

“काय सांगून ठेवू?”

“कुठल्या फेरीत तू माझा असतोस, ते.”