पांढरं खोकं

पहिला घाव मधोमध बसला. गेमच्या खोक्याचं पांढरं कवच उभं चिरलं. दुसऱ्या घावाला आतला पंखा उडून भिंतीवर आपटला. सुताराचा हातोडा चालत होता आणि बरोबरीनं तोंडही.

"घोडा झाला तुझा नवरा! चाळिशी आली! या वयात टीव्हीपुढे बसून खेळ? आणि एवढ्या महागड्या डबड्यासाठी आईच्या बांगड्या मोडायला लावल्या तुला?"

"मी माझ्या मर्जीनं मोडल्या. त्यानं मागितलाही नव्हता गेम." बहीण त्याच्या दंडाला लोंबकळली. "दादा, थांब! पाया पडते तुझ्या!"

त्यानं तिला झटकलं. ती टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली आणि तिचं कोपर फुटलं. त्याला वाईट वाटलं, पण राग मोठा होता. धाकट्या बहिणीवर त्याचा भारी जीव. त्या जिवापोटीच तर एवढा तमाशा चालला होता.

मेहुण्याबद्दल त्याचं मत तसं वाईट नव्हतं. माणूस मवाळ, सुतारापुढे मान वर करून बोलायचा नाही. एकच खोड, घराकडे लक्ष नाही. लग्न झाल्यापासून इथं सारखं काहीतरी मोडायचं. न्हाणीघराची आतली कडी, कपाटाचं दार, खुर्चीची पाठ. बहिणीचा फोन आला की सुतार पेटी घेऊन हजर. "हलका माल, दुसरं काय," म्हणत दुकानदाराला शिव्या घालायचा आणि कडी नव्यानं बसवून द्यायचा. गेल्या वर्षभरात मात्र एक फोन नाही. बहीण आपल्याला विसरली, हे त्याला फार लागलं होतं. म्हणून आज आपणहून आला, तर टीव्हीखाली हे खोकं आणि तिचे हात मोकळे.

"कामावरून आला की हेच ना? बायको आहे, लेक आहे, आणि हा पठ्ठ्या काय करतो? लोकांची डोकी फोडतो!"

"हो. दमेपर्यंत फोडतो. मग जेवतो आणि झोपतो."

"आणि तुला ते चालतं?"

"मला ते हवंय!" ती किंचाळली.

सुतार पेटलाच. बायकोच असे लाड करते म्हटल्यावर नवरा कसा सुधारणार! त्यानं जीव खाऊन शेवटचा घाव घातला. एक तुकडा उडून त्याच्याच गालात घुसला. रक्त हनुवटीपर्यंत आलं, तेव्हा कुठं तो थांबला.

बहीण रडली नाही. तिनं गॅस बंद केला आणि उकळतं पातेलं मोरीत नेऊन ओतलं. काचेचे पेले कपाटात ठेवून कुलूप लावलं. लेकीच्या हातात दप्तर दिलं. "शेजारच्या काकूंकडे जा. आज तिथंच झोप." मग कानातली काढून डबीत ठेवली.

"हे काय चालवलंयस?" सुतारानं गाल दाबत विचारलं. "येऊ दे त्याला. मी बसतो इथं, समजावतो त्याला नीट."

"तुझ्यासमोर तो गोगलगाय असतो. तू कधीतरी जाशीलच ना?" ती केस घट्ट बांधत म्हणाली. "वर्षभर तो त्या खेळातल्या माणसांना मारत होता, दादा. आता परत मीच."