पाइप काढताना

बाबा गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्याच दिवशी आई लोकांच्या बांधीत भाताच्या रोवणीला गेली. रोशनी तिला त्यावर कधी बोलली नाही, पण विसरलीही नाही. तेलविहिरीवर नोकरी लागल्यावर ती पहिल्या सुट्टीत मुलचेऱ्याला घरी आली.

"तू तिथं करते तरी काय, बाई?" तांदूळ पाखडताना आईने विचारले.

"चिखल कालवते."

"इतकं शिकून चिखलच?" आई हसली.

"विहिरीतून पाइप वर काढला, का त्याची जागा लगेच चिखलानं भरा लागते. रिकामी राह्यली, तं खालचा गॅस उसळून वर येते. मंग थो कोणाच्यानं आवरत नाई."

आईने सूप खाली ठेवले.

"तुझा बाप गेला, तवा मी रोवणीच्या चिखलात काऊन उतरली, थे आता समजलं तुले?"