आळीतला ठोका

या, असं जवळ सरकून बसा. कीर्तनाला बुवा उभे राहीपर्यंत एक गोष्ट सांगतो.

आमच्या नाशिकच्या तांबट आळीत हातोड्यांचा ठोका थांबायचा, तो आळीतलं कुणी गेलं तरच. दोन हजार पाच साली सरकारी योजनेतून साऱ्या आळीला मिळून भांडी घडवणारं नवं यंत्र आलं. ते चालवायला सिंधूवहिनींचा नवरा विलास पुढे झाला. त्या सकाळी वहिनी भाकरी थापत होत्या, आणि एकाएकी सगळी आळी गप्प झाली. "पांडुरंगा, आमच्या ह्यांना काही झालं का रे?" म्हणत त्या पिठाच्या हातांनीच धावत सुटल्या.

यंत्राच्या शेडमध्ये विलास धडधाकट उभा! यंत्र दाखवायचं म्हणून योजनेच्या साहेबांनीच सगळ्यांना ठोकणं थांबवायला सांगितलं होतं. यंत्र एका दाबात एक पातेलं काढत होतं आणि सगळे तांबट नुसते बघत होते.

वहिनी सासऱ्यांना म्हणाल्या, "मामंजी, मग गेलं कोण?"

काशिनाथअण्णांनी हातातली हातोडी हळूच खाली ठेवली.



"अजून कळलं नाही, सूनबाई."

आज टाळांचा ठोका पडेल ना, तेव्हा आमच्या अण्णांच्या हातोडीची आठवण काढा.