नाराची गाडी

"मावशी, तुम्ही इथं सही करा," म्हणत सौरवनं सिंधूताईंपुढे एक वेगळाच कागद सरकवला.

रामदासपेठेतल्या टूर कंपनीच्या ऑफिसात जपानला निघालेली सोळा माणसं बसली होती. प्रवास आठ दिवसांवर आला होता. बॅगांची वजनं, औषधं, शाकाहारी जेवण, सगळं बोलून झालं होतं आणि चर्चा आता सहाव्या दिवसावर येऊन ठेपली होती. मुक्काम ओसाकाला आणि दिवस मोकळा. ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. कोणी मॉल म्हणत होतं, कोणी किल्ला. बाकीच्यांच्या कागदावर 'कुठे जाणार' अशी रिकामी ओळ होती. सिंधूताईंच्या कागदावर ती नव्हती, नुसता इंग्रजी मजकूर होता.

"काय लिवलं हाय ह्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही मावशी, त्या दिवशी तुम्ही हॉटेलातच आराम कराल, एवढंच. तिथं पाट्यांवर वर जपानी असतं, खाली इंग्रजी. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही ना. कुठं हरवलात तर तुमच्या घरी मी काय सांगू?"

सौरव टूर मॅनेजर होता, पोरगा सरळ होता, आणि त्याची काळजी खरी होती. तरी सिंधूताईंनी पेन उचललं नाही.

"मले नाराले जायचं हाय," त्या म्हणाल्या. "तिथं बुद्धाची मूर्ती हाय, पाच मजल्यांएवढी उंच. तुमच्या प्रोग्रामात ते नाई. म्हून मोकळ्या दिवशी मी जाईन. ओसाकाहून गाडी हाय, तासाभरात पोचवते."

समोर बसलेले भैय्याजी हसले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस. "ताई, आम्ही शिकलेसवरले इथं घाबरून राहिलो, अन् तुम्ही एकट्या निघाल्या?"

दोनचार जण आणखी हसले. सिंधूताईंची कानशिलं तापली. टेबलाखाली त्यांनी हात हातात घट्ट धरले.

"खालचं इंग्रजी मले येत नाई," त्या म्हणाल्या. "वरचं येते."

सौरवला वाटलं, मावशींची समजूत काढायला हीच वेळ बरी. त्यानं मोबाइलवर जपानच्या स्टेशनांवरच्या पाट्यांचे फोटो उघडले, त्यातला एक त्यांच्यापुढे धरला आणि खालच्या इंग्रजीवर अंगठा ठेवला.

"सांगा बरं, हे कोणतं?"

सिंधूताईंनी चष्मा नाकावर बसवला.

"नारा. पयल्या अक्षरात हात पसरून, पाय फाकवून माणूस उभा हाय, त्याच्याखाली छोटा स्टूल. दुसरं म्हंजे दोन खणांची खिडकी. वर टिकली, खाली पदराचा घोळ."

सौरवनं अंगठा काढला. नाराच होतं. त्यानं दुसरा फोटो धरला.

"ओसाका. ह्याच्यात बी तोच माणूस हाय, पण स्टूल नाई."

हेही बरोबर निघालं. आता सौरव खुर्चीत सावरून बसला. मागची माणसं उठून त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. त्यानं जरा शोधून तिसरा फोटो काढला.

"ओसाकाच आहे हे पण," भैय्याजींना राहवलं नाही. "तोच तर माणूस उभा आहे!"

सिंधूताई मोबाइलकडे वाकल्या, मागे सरल्या, परत वाकल्या.

"नाई भैय्याजी. ह्या माणसाच्या डोक्यावर आडवी फळी हाय. हे तेन्नोजी. मधात लागते. ओसाका समजून इथं उतरलं का फसलं."

सौरवनं अंगठा हळूच सरकवला. खाली तेन्नोजी लिहिलं होतं.

"मावशी, हे शिकलात कुठं?"

"नात हाय माही, हिमानी. तिच्या मोबाइलवर पाहून घेतलं. दोन महिने झाले, भाकरी करायच्या आधी पिठात बोटानं काढून राहिली मी." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "अन् सवय जुनीच हाय, बाबू. इथं समोरच्याच दवाखान्यात तीस वर्षं आया होती मी. ओटी, एक्स-रे, आयसीयू, साऱ्या पाट्या इंग्रजीत. एक बी वाचता येत नव्हती. पण तीस वर्षांत एक पेशंट चुकीच्या दारात नेला नाई."

सौरवनं तो वेगळा कागद उचलला, चार घड्या करून खिशात घातला आणि सगळ्यांना दिला होता तसला दुसरा त्यांच्यापुढे ठेवला. रिकाम्या ओळीवर सिंधूताईंनी आधी मराठीत 'नारा' लिहिलं आणि शेजारी, एकेक रेघ जपून ओढत, ती दोन जपानी अक्षरं काढली.

"ताई," मागून एका बाईंनी विचारलं, "मॉल काय, इथंबी आहेत. मी येऊ का तुमच्यासंगं?"

"मले पण यायचं आहे," दुसरं कोणी म्हणालं. मग तिसरं. सौरव वर झालेले हात मोजायला लागला आणि नवावर थांबला. दहावा हात भैय्याजींचा होता.

सिंधूताईंनी खुर्चीत पाठ टेकली. त्या ऑफिसात आल्यापासून पहिल्यांदाच.

"चाला मंग. नाश्ता सात वाजता. पावणेआठले सारे खाली. पायात मऊ बूट घाला, चालनं खूप हाय. तिथं देवळाबाहेर हरणं फिरते, पिशवीत खायचं ठेवू नका, ओढून नेते. तिकीट हातात राहू द्या. अन् उशीर करणाऱ्यासाठी मी थांबणार नाई."

"जरा हळू सांगा ना ताई," भैय्याजी डायरीवर वाकून म्हणाले. "लिहून राहिलो मी."