खडकाखालचा स्पंज

नव्या अहवालातही क्षयाचे जंतू जिवंतच होते. अठरा वर्षांपूर्वी समुद्री स्पंजाच्या अर्काने ते मारले होते; त्यानंतर एकदाही नाही.

"तेव्हाचा नमुनाच दूषित असेल," विभागप्रमुख म्हणाले. "निवृत्तीला वर्ष राहिलंय, तोरसकर मॅडम. आता पुरे करा."

रसायनशास्त्राच्या प्राध्यापक वत्सला तोरसकर यांनी अहवाल फाइलला लावला. पुढच्या अमावास्येला त्या पुन्हा मालवणच्या किनाऱ्यावर होत्या. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावरचा पिवळा स्पंज त्या खरवडू लागल्या. शेजारी कालवं काढणारी जयवंती बराच वेळ बघत होती.

"बाई, ह्यो कशाक?"

"औषधासाठी. पण गुण देईनासा झालाय."

"मगे ह्यो नको. हाताक खाज येता तो दुसरो, खडकाच्या खाली आसता. दिसता सारखोच."

वत्सलाबाई थबकल्या. पहिल्या खेपेला भरती चढताना त्यांनी खडकाखाली हात घालून मिळेल तो स्पंज ओढला होता आणि तो हात आठवडाभर सुजला होता. वहीत मात्र त्यांनी ते लिहिलंच नव्हतं. स्वतःवर चरफडत त्या कमरभर पाण्यात उतरल्या. बोटांची आग होईपर्यंत खडकाखाली चाचपत राहिल्या.

दीड महिन्याने अहवाल आला. एकही जंतू जगला नव्हता. त्यांनी तीनदा तपासून घेतलं. तिन्ही वेळा तेच.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "याचं औषध व्हायला अजून दहा वर्षं लागतील, मॅडम."

"म्हणजे मी सत्तरीची होईन," वत्सलाबाई म्हणाल्या आणि मालवणचं तिकीट काढायला बसल्या.