तीस मीटर खाली

“बारा. आठ. एकोणतीस. पाच,” तात्यांनी घडाघडा म्हणून टाकलं.

तिने अजून पहिलंच कार्ड समोर धरलं होतं. त्यावरच्या रंगीत ठिपक्यांत चौऱ्याहत्तरचा आकडा होता.

धरणावरच्या पाणबुड्यांचे डोळे दरवर्षी तपासले जात. कार्डंही तीच आणि त्यांचा क्रमही तोच. यंदा हे काम तिच्या गळ्यात पडलं, कारण तुकडीत विज्ञान शिकलेली ती एकटीच. आणि तिने शिस्त म्हणून कार्डं पिसली होती.

“तात्या, नीट बघून सांगा ना.”

“बघतोय की. कुणीतरी मणी सांडलेत.” मग ते स्वतःच हसले. “सव्वीस वर्षं पाठांतरावर काढली, बाई. पत्ते पिसणारी तू पहिलीच.”

लाल-हिरव्यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, असा नियम होता. तिला पाण्यात उतरायला शिकवलं होतं ते तात्यांनीच. खोटं लिहायला तिचं मन धजेना आणि खरं लिहायला हात उचलेना.

“जे आहे ते लिही,” तात्या म्हणाले. “मी काही तुझ्या पाया पडणार नाही.”

“वर आल्यावर लिहिते,” ती म्हणाली आणि फॉर्म कोराच ठेवला.

दुपारी दोघं धरणाचा तळाचा दरवाजा तपासायला उतरली. तिच्या पट्ट्याचा लाल रंग आधी विटकरी झाला, मग तपकिरी, शेवटी काळा. पाणी आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. हे तिला तोंडपाठ होतं, तरी दर खेपेला ती पट्ट्याकडे बघायचीच. तीस मीटरवर सगळं हिरवट करडं होतं. गाळ उठला, दिव्यांच्या उजेडाने डोळ्यांपुढे नुसतं धुकं झालं, म्हणून त्यांनी दिवे मालवले.

ती दरवाज्याची कड चाचपत पुढे सरकली. थंडीने बोटं बधिर झाली होती. थोड्या वेळाने मनगटाजवळ हिरवा धूर दिसला. शेवाळ खरवडलं गेलं असेल, असं समजून तिने तो हाताने सारला. तो पुन्हा आला.

तेवढ्यात तात्यांनी झडप घालून तिचा हात पकडला. मनगटाच्या वर अंगठा असा रोवला की ती कळवळली. दुसऱ्या हाताने त्यांनी वर जाण्याची खूण केली. रक्तात वायूचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून वर येताना घ्यायचे ठरलेले सगळे थांबे त्यांनी घेतले, पण अंगठा एकदाही हलला नाही.

होडीत आल्यावर तिने पाहिलं. दरवाज्याच्या कडेने हातमोजा फाटून मनगटाला खोल चीर पडली होती आणि तात्यांची बाही लालभडक झाली होती.

डॉक्टरांनी आठ टाके घातले. अजून थोडा वेळ गेला असता तर खालीच तिची शुद्ध हरपली असती, असं ते म्हणाले.

“मला ते शेवाळ वाटलं, तात्या,” ती खाली मान घालून म्हणाली. “खोल पाण्यात रक्त हिरवं दिसतं हे मी पुस्तकात वाचलंय. तरीही मी लालच शोधत राहिले. तुम्हाला कसं कळलं?”

“मला कुठे कधी लाल दिसलंय? शेवाळ आपलं झुलत राहतं. रक्त ठेक्यात येतं. मी ठेका बघतो.”

 तिने सकाळचा कोरा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

“माझा हात बांधलाय. मी सांगते, तुम्ही लिहा. यांना लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाही.”

तात्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं. पेनाला टोपण घातलं.

“थांबा, अजून आहे,” ती म्हणाली. “तीस मीटर खाली तपासणारीलाही येत नाही. तिथे तिला यांच्याशिवाय उतरू देऊ नये.”