श्रावणी शुक्रवारचं औक्षण

श्रावणातला शुक्रवार. जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहून द्वारकाबाईंनी लांबच्या लेकरांसाठी अक्षता टाकल्या, पण तीनच दिशांना. चौथ्या दिशेला धाकट्या मुलाचं घर होतं. वडिलांचं तेरावं व्हायच्या आत त्यानं अंगणात भिंत घालून घेतली होती. तिकडे त्यांनी पाठ फिरवली.

भिंतीवरून सून कडाडली, "पाहिलं हो मी! पोटच्या पोराला वगळलंत. रोज कीर्तनाला पुढं बसता ना, हेच शिकवतात का तुमचे बुवा?"

"बुवांना मध्ये आणू नकोस. अक्षता परगावच्या लेकरांना टाकतात. जवळच्याला पाटावर बसवून ओवाळतात. तुझ्या नवऱ्याला इथवर यायला काय झालं?"

"अंगणात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन, असं तुम्हीच म्हणाला होतात!"

"म्हणाले होते. पाठव त्याला, मोडते."

धाकटा आला तो भांडायलाच. "मला वगळून व्रत करायचं असेल तर..." तो उंबऱ्यातच थबकला. जिवतीपुढे पाट मांडलेला होता, तबकात पुरणाचे दिवे तेवत होते आणि घरात ओवाळायला दुसरं कुणीच नव्हतं.

"बस," द्वारकाबाई खेकसल्या.

तो मान खाली घालून बसला. त्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. कपाळावरची आठी मात्र जराही हलली नाही.

"म्हणजे माफ केलंस, आई?"

"मुळीच नाही. शंभर वर्षं जग. तेवढा वेळ लागेल मला."